परचुरे मॅडम आणि घाऊक श्वास

परचुरे मॅडमना माणसं चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत. लिव्हरवरून येतात.

ही मी चेष्टा करत नाही. मागे एकदा एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या तळघरात उतरले. त्यांची ट्रीटमेंट संपून बरेच दिवस झाले होते, वजन वाढलं होतं, गालांवर तकाकी आली होती, आणि ज्यांनी आपला प्लॅन केला त्यांना भेटून आभार मानावेत अशी त्यांची भाबडी इच्छा होती. मॅडमनी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे बघितलं. ओळख नाही. गृहस्थांनी नाव सांगितलं. तरी नाही. शेवटी मी हळूच स्क्रीनवर त्यांचा जुना स्कॅन उघडून दिला, तेव्हा मॅडमचा चेहरा उजळला.

"हां, हे तुम्ही होय," त्या म्हणाल्या. "तुमचं जठर फार आडवं आहे हो. फार त्रास दिलात."

गृहस्थांनी माफी मागितली, पेढे ठेवले आणि जिन्याने निघून गेले. लिफ्टची वाट बघण्याइतका धीर त्यांच्यात उरला नसावा.

मी आणि परचुरे मॅडम एका हॉस्पिटलच्या रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहोत. म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासऱ्यांना अजून समजलेलं नाही, तेव्हा तुम्हालाही सांगून ठेवतो. कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडायचे असतात. गाठ कुठे आहे ते डॉक्टर स्कॅनवर रेघा मारून दाखवतात. ते किरण कुठल्या बाजूने, किती आणि कसे सोडले म्हणजे गाठ भाजेल आणि शेजारपाजार वाचेल, हे गणित आम्ही करतो. या गणितालाच प्लॅन म्हणतात. पेशंट डॉक्टरांना देव मानतो, मशीनला नमस्कार करतो आणि आम्हाला लिफ्टमध्ये भेटला तर कॅन्टीन कुठल्या मजल्यावर आहे ते विचारतो.

शरीराच्या सगळ्या भागांत पोटाचा वरचा भाग सर्वांत वाईट. तिथे लिव्हर, जठर, स्वादुपिंड, दोन किडन्या आणि आतड्याचं पहिलं वळण एकमेकांना खेटून बसलेले असतात, आणि त्यातलं कोणीही स्वस्थ बसत नाही. श्वास घेतला की लिव्हर खाली येतं, सोडला की वर जातं. जठर जेवणाप्रमाणे फुगतं. आतडं तर मनाला येईल तसं फिरतं. असले सगळे प्लॅन मॅडमकडे जातात. नवीन माणसाला हे काम का देत नाही, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"तुम्ही सध्या डोकी करा," मॅडम म्हणाल्या. "डोक्यात काही हलत नाही. काही काही लोकांच्या बाबतीत तर आयुष्यभर हलत नाही." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

मॅडम सदाशिव पेठेत एकट्या राहतात, एकट्याच स्कूटरवरून येतात आणि सगळ्यांना अहो-जाहो करतात. माझ्यासारख्या निम्म्या वयाच्या माणसाला, शिपायाला, इतकंच काय, कॉम्प्युटरलाही. "अहो, किती वेळ लावता?" असं त्या स्क्रीनला विचारतात. पुण्यात येईपर्यंत 'अहो' हा शब्द मानाचा आहे असं मी समजत होतो. तो अंतर राखण्यासाठी वापरतात हे मला त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. मी यवतमाळचा, म्हणून मला 'यवतमाळ' म्हणतात. सुरुवातीला माझी भाषा गावाकडचीच होती. एकदा मी कामाच्या नादात म्हणालो, "मॅडम, तोच प्लॅन करून राहिलो."

"राहता तुम्ही वारज्याला," मॅडम म्हणाल्या. "इथे नुसतं करा."

तेव्हापासून मी नुसतं करतो.

त्यांच्या खोलीच्या दारावर पाटी नाही. पाटी लावली की लोक वाचायला थांबतात, असं त्यांचं म्हणणं. पण आत येणाऱ्या प्रत्येकाला एक नियम तोंडी सांगितला जातो : 'अंदाजे' हा शब्द चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचा. आमचे डॉक्टर निंबाळकर तरुण आहेत, हुशार आहेत, कायम घाईत असतात आणि तो शब्द त्यांच्या तोंडातून हमखास निसटतो. एकदा ते म्हणाले, "मॅडम, एक मिलिमीटरने क्लिनिकली काय फरक पडतो? अंदाजे बसतंय ना?"

"पेशंटच्या आतड्यात बसतंय," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या आतड्यात बसवू का? मग मलाही फरक पडणार नाही."

डॉक्टरांनी तो प्लॅन पुन्हा करायला सांगितला. म्हणजे मॅडमनी तो आधीच पुन्हा करून ठेवला होता, डॉक्टरांनी फक्त सांगितलं.

पोटाचा स्कॅन रिकाम्या पोटी करतात. ट्रीटमेंटलाही दर वेळी पोट तसंच रिकामं लागतं. पेशंट येतात आणि शपथेवर सांगतात की सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मॅडम स्कॅनकडे बघतात. "त्यांना विचारा, मिसळ कुठली होती?" असं फोनवरून वर सांगतात. वरून आमची टेक्नॉलॉजिस्ट सायली विचारते. पलीकडून मिसळीचं नाव येतं. "मग पावाचं का लपवताय म्हणावं," मॅडम फोन ठेवता ठेवता म्हणतात. हे त्यांना खरंच दिसतं की त्या दडपून देतात, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

एवढं सगळं पोट माहीत असलेल्या या बाई पेशंटला मात्र कधी भेटत नसत. तो त्यांचा दुसरा नियम. पेढेवाले गृहस्थ आपणहून खाली आले म्हणून, नाहीतर स्कॅन चालू असताना मॅडम वरच्या मजल्यावर फिरकतही नसत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "गणिताला ओळखपाळख चालत नाही. चेहरा बघितला की माणूस आकडे गोंजारायला लागतो." मला वाटलं, माणूसघाणेपणाला इतकं शास्त्रीय नाव मी पहिल्यांदाच ऐकतोय.

मग कोंढरे आले.

बबनराव कोंढरे साठीचे, वारज्याच्या पलीकडच्या एका गावचे. ते गाव आता शहरात आलं आहे. म्हणजे नळ अजून यायचाय, टॅक्स आला. त्यांच्या बऱ्याचशा शेतावर आता बिल्डिंगी उभ्या आहेत. तरी मार्केट यार्डातला कांदा-लसणाचा गाळा त्यांनी सोडला नव्हता. "घरी बसून काय लोकांचे फ्लॅट मोजू?" असं ते म्हणत. उभं आयुष्य लिलाव पुकारण्यात गेल्यामुळे त्यांना हळू बोलणं ही काय गोष्ट असते ते माहीत नव्हतं. स्वादुपिंडात गाठ. ऑपरेशन होण्यासारखी नव्हती, केमो घेऊन झाली होती, आणि पोटातून पाठीत जाणाऱ्या कळांनी माणूस रात्र रात्र बसून काढत होता. थोड्या दिवसांत जोरात किरण देऊन ती गाठ दाबायची, कळा थांबवायच्या आणि जमेल तेवढा काळ मिळवायचा, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं.

अशा वेळी पेशंटला श्वास धरायला लावतात. डोळ्यांवर एक चष्म्यासारखी स्क्रीन देतात. त्यात एक पिवळा पट्टा श्वासाबरोबर वर-खाली होतो. तो हिरव्या चौकटीत आला की श्वास तिथेच थांबवायचा. श्वास थांबला की लिव्हर थांबतं, लिव्हर थांबलं की गाठ थांबते, आणि मग नेम धरता येतो. मात्र प्रत्येक वेळी श्वास तेवढाच हवा.

सायलीने कोंढऱ्यांचे लागोपाठ तीन स्कॅन केले. खाली मॅडमनी ते एकावर एक ठेवून बघितले आणि वर फोन लावला.

"हे तीन वेगळे गृहस्थ आहेत का?"

"नाही मॅडम, एकच आहेत."

"लिव्हर तीन ठिकाणी आहे."

सायलीने कोंढऱ्यांना विचारलं. ते आडवे पडल्या पडल्या, हात डोक्यावर, मोठ्याने म्हणाले, "प्रत्येक टायमाला जरा जास्तच घेतला. कमी पडाय नको."

माणूस मापात चार कांदे वरून टाकणारा. चौकट भरली की पुढे थोडा घालायचाच, ही जन्माची सवय. सायलीने दोनदा समजावलं, त्यांनी दोनदा मान डोलावली आणि तिसऱ्यांदा चौकटीच्या पार वर गेले. तेव्हा मॅडमनी फोन त्या खोलीतल्या स्पीकरला जोडायला लावला.

"अहो कोंढरे, इथे घाऊक घेत नाहीत. किरकोळ घ्या."

कोंढऱ्यांनी आडवं पडूनच छताकडे बघितलं. "कोण बोलतंय?"

"प्लॅनिंग."

"मग समोर या की ओ, प्लॅनिंगताई. नुसत्या आवाजावर सौदा न्हाय करत आपण."

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी फोन ठेवला, चष्मा पुसला, आणि उठल्या. मला वाटलं, पाणी प्यायला चालल्या. त्या जिन्याने वर गेल्या. स्कॅनरूमचं दार उघडून त्या आत शिरल्या तेव्हा सायलीच्या हातातला पेन खाली पडला, असं ती अजून सांगते.

त्या दिवशी काही जमलं नाही. निंबाळकरांनी सुचवलं की श्वास धरायचा नाद सोडून देऊ, चालू श्वासावर गाठीभोवती मोठं रिंगण धरू आणि डोस कमी करू. डोस कमी म्हणजे कळा थांबण्याची शक्यताही कमी, हे सगळ्यांना समजत होतं. मॅडम म्हणाल्या, "मला आठवडा द्या." कशासाठी ते सांगितलं नाही. डॉक्टरांनीही विचारलं नाही, तेवढा अनुभव त्यांना आता आला होता.

मग रोज दुपारी आमच्या तळघराच्या बोळात दोन खुर्च्या मांडल्या जाऊ लागल्या. एकीवर कोंढरे, समोर परचुरे मॅडम. कोंढऱ्यांची बायको शालनबाई बाजूला भिंतीला टेकून उभी. खुर्ची दिली तरी बसायची नाही. कोंढऱ्यांच्या पोटावर एक छोटी डबी ठेवलेली, तिच्यावरून पट्टा मॅडमच्या लॅपटॉपवर हलायचा.

"घ्या. हळू. थांबा. अहो थांबा म्हटलं तर थांबायचं असतं."

"थांबलो ना."

"तुम्ही पुढच्या चौकात जाऊन थांबलात. मी इथे म्हटलं होतं."

"ताई, तुमचं माप लई बारीक हाय."

"तुमचं आतडं त्याहून जवळ आहे."

मी दार किलकिलं करून ऐकायचो. इतकं बोललेलं मॅडमना मी कधी ऐकलं नव्हतं. पाणउतारा नेहमीचाच होता, पण तो करण्यासाठी त्या रोज दुपारी समोर जाऊन बसत होत्या, ही गोष्ट नवी होती. दोन-तीन दिवस गेले तरी पट्टा चौकटीत राहीना. कोंढरे दमायचे. मध्येच कळ आली की पुढे वाकून बसायचे आणि शालनबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. मॅडम तेवढा वेळ लॅपटॉपकडे बघत राहायच्या. तिथे बघण्यासारखं काही नसायचं.

एका दुपारी मॅडमनी विचारलं, "कोंढरे, लिलावात शेवटचा भाव पुकारता, त्याच्या आधी श्वास किती घेता?"

कोंढरे विचारात पडले. त्यांना हे आजवर कोणी विचारलं नसावं. "बघून सांगतो," म्हणाले, सावरून बसले, हात वर केला, बेताचा श्वास घेतला, आणि असा काही भाव पुकारला की वरच्या मजल्यावरून सुरक्षारक्षक धावत आला.

मॅडम लॅपटॉपकडे बघत होत्या. "हाच," त्या शांतपणे म्हणाल्या. "हाच श्वास हवाय. फक्त भाव बोलायचा नाही. तोंडातच ठेवायचा."

"गिऱ्हाईक थांबल का ओ?"

"मी थांबवते."

कोंढऱ्यांनी पुन्हा हात वर केला, श्वास घेतला आणि भाव तोंडात धरून बसले. पट्टा चौकटीत येऊन उभा राहिला. हलला नाही. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. शालनबाई पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

नवा स्कॅन झाला. लिव्हर एका जागी होतं. आता प्लॅन करायचा होता. सकाळी मी आलो तर कोंढऱ्यांची फाईल माझ्या टेबलावर.

"मॅडम, हे पोट आहे," मी म्हणालो. "माझ्याकडे डोकी असतात."

"हा तुम्ही करा."

"का?"

"मी त्यांना बघितलंय," मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच्या स्क्रीनकडे वळल्या.

मी प्लॅन केला. म्हणजे मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि मी केला. माझ्या प्रत्येक कोनावर त्यांचं मत होतं आणि ते मत ऐकून माझ्या पदवीबद्दल मला नव्याने शंका येत होती. अडचण एकच होती. गाठ आतड्याच्या पहिल्या वळणाला चिकटून होती. गाठीला पूर्ण डोस द्यावा तर आतड्याला मर्यादेपेक्षा थोडा जास्त जात होता, आणि तिथे जखम झाली, रक्त वाहू लागलं, तर कळा परवडल्या असं म्हणायची वेळ येते. नियमाप्रमाणे त्या बाजूला डोस थोडा कमी घ्यायचा. मी घ्यायला लागलो.

"थांबा," मॅडम मागून म्हणाल्या. "तेवढा कमी नका करू. त्यांना कळा फार येतात हो. थोडा जास्त गेला तर... अंदाजे मर्यादेतच आहे ना?"

मी मागे वळून बघितलं. आपण काय बोललो ते त्यांनीही ऐकलं होतं. त्या दोन पावलं मागे सरकल्या. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"म्हणून तुम्हाला दिलं," त्या म्हणाल्या. "नियमात बसेल तेवढंच द्या. मी बाहेर आहे." आणि त्या बोळात गेल्या. तिथे त्या दोन खुर्च्या अजून तशाच होत्या. मी प्लॅन पुरा करून बोलवायला गेलो तेव्हा मॅडम त्यातल्या एकीवर बसून होत्या. प्लॅन तपासून म्हणाल्या, "बरा आहे." आमच्याकडे हे पारितोषिक समजतात.

ट्रीटमेंट सुरू झाली. कोंढरे आडवे पडायचे, भाव तोंडात धरायचे, मशीन फिरायचं, आणि श्वास सोडा म्हटलं की "गेला माल" असं म्हणायचे. सायलीने आधी टोकलं, मग सोडून दिलं. मॅडम आता रोज वर जाऊन काचेमागे उभ्या राहत. कोणी विचारलंच तर मशीन नीट चालतंय का बघायला आले, असं सांगत. मशीन इतकी वर्षं त्यांच्याशिवाय नीट चालत होतं.

एके दिवशी मीही वर होतो. ट्रीटमेंटआधीच्या स्कॅनमध्ये जठर टम्म भरलेलं दिसलं. मॅडमनी तिथल्या तिथे ट्रीटमेंट थांबवली आणि बाहेर शालनबाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय दिलंत खायला?"

"शिरा," शालनबाई म्हणाली. मान खाली.

"रिकाम्या पोटी आणायचं, हे किती वेळा सांगितलंय?"

"सांगितलंय ताई. चुकलं माझं. पर आज पहाटे ते आपल्या तोंडानं म्हणले, भूक लागली. किती महिन्यात म्हणले न्हवते ओ. मला ऱ्हावलं न्हाय."

मी सायलीकडे बघितलं, सायलीने जमिनीकडे. आता जे ऐकायला मिळणार होतं त्याची आम्हाला कल्पना होती.

"भूक लागली हे चांगलं झालं," मॅडम म्हणाल्या. "वेळ चुकली फक्त. बसा. पोट उतरलं की घेऊ." मग त्यांनी निंबाळकरांशी भांडून त्या दिवशीची शेवटची वेळ कोंढऱ्यांना लावून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारची. म्हणजे पहाटे भूक लागली तर खाता यावं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, पूर्ण लिस्ट बदलावी लागेल." मॅडम म्हणाल्या, "बदलली मी."

ट्रीटमेंट संपली. थोड्या आठवड्यांत कळा हटल्या. कोंढरे गाळ्यावर जायला लागले आणि त्यांनी मॅडमच्या घरी लसणाची एक गोणी पाठवली. एकट्या बाईला लसूण लागतो किती? पुढचे काही महिने आमच्या विभागातल्या प्रत्येकाला जाताना मूठभर लसूण सक्तीने मिळायचा. "उपकार नाहीत," मॅडम म्हणायच्या, "माझ्या घराला वास येतोय." माझ्या बायकोने त्याच्या चटण्यांचे इतके प्रकार केले की वारज्यात आमच्याकडे पाहुणे येईनासे झाले.

एका सकाळी निंबाळकरांनी खाली एक नवीन स्कॅन पाठवला आणि जुन्या प्लॅनवर तो ठेवून बघायला सांगितलं. मॅडमनी नाव न बघता स्क्रीनवर घेतला. नाव बघायची गरजच नव्हती. त्या लिव्हरशी त्यांची चांगली ओळख होती.

गाठ होती तिथेच आणि लहान झाली होती. आमचं काम आम्ही चोख केलं होतं. पण लिव्हरमध्ये आता काळसर ठिपके होते, चार-दोन नव्हे, बरेच. कॅन्सर पसरला होता. तिथे आमच्या गणिताचा काही उपयोग नव्हता.

मॅडम बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "यवतमाळ, कोंढरे आलेत का बघा वर." मी बघून आलो. आले होते. ओपीडीच्या बाकावर एकटेच बसले होते, शालनबाई मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. आत डॉक्टरांकडे गर्दी होती.

"तीन चहा घेऊन या," मॅडम म्हणाल्या आणि वर गेल्या.

मी चहा घेऊन पोचलो तेव्हा मॅडम बाकावर कोंढऱ्यांच्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांना लसणाबद्दल विचारत होत्या. गावरान कसा ओळखायचा, बाहेरचा माल कुठून येतो, पाकळी जाड चांगली की बारीक. कोंढरे खुलून सांगत होते. हातवारे करत होते, अख्खी ओपीडी ऐकत होती. वेळ वाया घालवणाऱ्या माणसाला मॅडम दोन वाक्यांत वाटेला लावतात. त्या दिवशी त्या एका माणसाला लसणाचा भाव कसा ठरतो हे पुन्हा पुन्हा विचारत होत्या, आणि समजलं नाही असं सांगून परत समजावून घेत होत्या.

आतून नाव पुकारलं. कोंढरे उठले. मॅडमही उठल्या.

"तुमी कशाला ताई?"

"मला खाली काही काम नाही," मॅडम म्हणाल्या. खाली सहा प्लॅन पडले होते.

त्या आत त्यांच्याबरोबर गेल्या. मी बाहेर तीन रिकामे कप घेऊन बसलो. कोंढरे त्यानंतर जवळजवळ वर्षभर होते, नातवाला गाळ्यावर नेऊन कांद्याच्या ढिगावर बसवण्याइतके बरेही होते, आणि ती कळ शेवटपर्यंत परत आली नाही. हे मी आत्ताच सांगून टाकतो. त्या बाकावर बसलेलो असताना मला यातलं काही माहीत नव्हतं.

दोघं बाहेर आले. कोंढरे बाकावर टेकले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला.

"ताई, तुमाला म्हाईत होतं व्हय?"

"हो."

"मग मघाच का न्हाय बोलला?"

"सांगायचं काम डॉक्टरांचं आहे," मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही चहा पीत होतात."

कोंढरे समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. तसेच बघत म्हणाले, "चहा चांगला व्हता."

"या कॅन्टीनचा चहा अजून कोणालाही चांगला लागलेला नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी पुन्हा बसल्या.